जपानी संभाषणातील 'आइझुची': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी भाषा शिकणारे मराठी विद्यार्थी आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर रोज काम करणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. व्याकरण आणि कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चित्राक्षरे) शिकवणारी पुस्तके भरपूर आहेत. पण समोरचा बोलत असताना आपण काय करायचे, याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

आइझुची म्हणजे नेमके काय?

समोरची व्यक्ती बोलत असताना ऐकणारा मधूनमधून जे छोटे उद्गार काढतो, त्यांना जपानीत 'आइझुची' म्हणतात. 'हाइ', 'एए', 'उन', 'हेऽ', 'सोऽ देस का', 'नारुहोदो' हे त्यांतले नेहमीचे उद्गार आहेत. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द 'हुंकार' हा आहे. आजी गोष्ट सांगत असताना नातवंडांनी 'हूं' म्हणत राहायचे आणि 'हूं' थांबले की पोरे झोपली असे समजून आजीने गोष्ट थांबवायची, हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना आइझुचीचे तत्त्व आधीच ठाऊक आहे.

एखादा उद्गार आइझुची आहे की नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी की, तो काढल्यानंतरही बोलण्याची पाळी समोरच्याकडेच राहिली पाहिजे. 'अगं, आमच्याकडेही परवा अस्संच झालं' असे म्हणून आपण आपली हकिकत सुरू केली, तर पाळी आपण घेतली आणि ती आइझुची राहिली नाही.

हा शब्द आला कोठून?

लोहाराच्या ऐरणीवरून. 'आइ' म्हणजे परस्पर किंवा जोडीने आणि 'त्सुची' म्हणजे हातोडा. समासात 'त्सुची'चे 'झुची' झाले. तलवार घडवताना मुख्य कारागीर लहान हातोड्याने ठोका देऊन जागा आणि लय दाखवतो आणि समोर उभा असलेला जोडीदार त्या लयीत मोठा घण घालतो. एकाचा ठोका, दुसऱ्याचा घाव, पुन्हा एकाचा ठोका असे ते काम चालते. म्हणूनच जपानी माणूस आइझुची 'देत' नाही, तर 'मारतो': क्रियापद 'उत्सु' हे आहे, म्हणजे घाव घालणे.

आपल्याकडे आठवडी बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. चिमट्यात धरलेल्या लाल लोखंडावर घिसाडी हातोडीने टक्क करून जागा दाखवतो आणि बहुधा त्याची बायको त्याच जागी घण घालते. दोघांत एक शब्दही बोलला जात नाही. तिचा घाव क्षणभर उशिरा पडला, तर कोयत्याची धार वाकडी जाईल.

क्योतोमध्ये आवातागुची भागात 'आइझुची इनारी' नावाचे एक छोटेसे देवस्थान आहे. त्यामागची कथा 'कोकाजी' या नोह नाटकातून प्रसिद्ध झाली. सम्राट इचिजोऽ याच्या आज्ञेवरून सांजोऽ मुनेचिका या लोहाराला तलवार घडवायची असते. पण तोलामोलाचा जोडीदार त्याच्याकडे नसतो. तो इनारी देवाला साकडे घालतो आणि देवाचा कोल्हा स्वतः येऊन त्याच्यासमोर घण घालायला उभा राहतो. तयार झालेल्या तलवारीवर एका बाजूला मुनेचिकाचे नाव कोरले जाते आणि दुसऱ्या बाजूला कोल्ह्याचे. श्रोत्याचे नाव वक्त्याच्या बरोबरीने कोरणारी ही कथा आइझुचीविषयी बरेच काही सांगून जाते, असे मला वाटते. असंबद्ध या अर्थाचा 'तोन्चिन्कान' हा जपानी शब्दही लय चुकलेल्या हातोड्यांच्या आवाजावरून आला, असे सांगतात.

'हाइ' म्हणजे 'हो'च ना?

प्रश्नाच्या उत्तरात 'हाइ' आला तर त्याचा अर्थ 'हो' असा असतो. समोरचा बोलत असताना मध्ये आलेला 'हाइ' मात्र 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढेच सांगतो. या एका फरकापायी जितके गैरसमज होतात, तितके बाकीच्या सगळ्या व्याकरणापायी होत नसतील.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीत मी दुभाषी म्हणून बसले होते. आपल्याकडची मंडळी दरपत्रक समजावून सांगत होती आणि पलीकडचे ज्येष्ठ जपानी गृहस्थ प्रत्येक आकड्यानंतर, मी केलेले भाषांतर ऐकत, 'हाइ… हाइ…' म्हणत होते. बैठकीच्या शेवटी त्यांनी 'केन्तोऽ शिमास', म्हणजे 'विचार करू', असे म्हणून निरोप घेतला. बाहेर पडताच आपल्याकडचे प्रमुख आनंदाने म्हणाले, "सगळ्याला हो म्हणालेत, आता फक्त सही राहिली." मी त्यांना सावध केले, पण तासभर कानांवर पडलेल्या त्या 'हाइ'पुढे माझे कोण ऐकणार? पंधरा दिवसांनी नम्र शब्दांतला नकार आला आणि आपली मंडळी 'ते शब्दाला जागले नाहीत' म्हणून रागावली. वास्तविक त्या गृहस्थांनी शब्द दिलेलाच नव्हता. त्यांनी फक्त लक्षपूर्वक ऐकले होते.

ही चूक आपल्या हातून सहज होते, याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादासाठी मराठीत जे वाक्प्रचार आहेत, त्यांतले बहुतेक लाचारीकडे किंवा पोकळपणाकडे बोट दाखवतात: नंदीबैलासारखी मान डोलावणे, री ओढणे, होला हो करणे, मम म्हणणे. सतत 'हो हो' म्हणणारा माणूस एक तर पटले म्हणून म्हणतो किंवा खुशामत म्हणून, असे आपण गृहीत धरतो. केवळ नीट ऐकू येते आहे म्हणून कोणी तसे म्हणेल, ही तिसरी शक्यता आपल्या मनात चटकन येत नाही.

वाक्य चालू असताना आइझुची नेमकी कोठे द्यायची?

वाक्य संपण्याची वाट पाहायची नाही, हे पहिले उत्तर. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते आणि वाक्ये लांबत जातात. त्यामुळे पूर्णविरामापर्यंत गप्प बसलेला श्रोता बोलणाऱ्याला बराच वेळ हजर नसल्यासारखा वाटतो. बोलणारा वाक्याचे छोटे तुकडे पाडत जातो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी श्रोत्यासाठी जागा सोडतो. 'ने' हा अव्यय, कारण सांगणारा 'कारा', 'पण' या अर्थाचा 'केदो' आणि 'करून, जाऊन' अशा अर्थाची क्रियापदाची 'ते' रूपे या त्या ठरलेल्या जागा आहेत. दोन मैत्रिणींमधला एक तुकडा पाहा.

"किनोऽ ने," — "उन." — "एकिमाए नो होन्या नि इत्तारा ने," — "उन उन." — "सेन्सेइ नि आत्चात्ते," — "एऽ, होन्तोऽ?" — "सोरेदे…"

आता हेच मराठीत ऐका.

"काल ना," — "हं." — "स्टेशनसमोरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले ना," — "हं हं." — "तर तिथे सरच भेटले की," — "काय सांगतेस!" — "मग…"

आपला 'ना' आणि जपानी 'ने' या ठिकाणी जवळजवळ एकच काम करतात. इंग्रजीच्या माध्यमातून जपानी शिकणाऱ्याला 'ने'ची ही जागा कष्टाने शिकावी लागते. मराठी माणसाला ती घरच्या ओसरीवरच मिळालेली असते. वर्गात 'ने'चे भाषांतर 'आहे ना?' असे प्रश्नार्थक सांगून ही आयती शिदोरी आपण वाया घालवतो, अशी माझी तक्रार आहे.

शब्दांइतकाच आवाजाचा चढउतारही महत्त्वाचा असतो. नायजेल वॉर्ड आणि वातारु त्सुकाहारा यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बोलणाऱ्याचा स्वर सुमारे ११० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या जेमतेम नवव्या भागाइतका वेळ, खालच्या पट्टीत राहिला की श्रोत्याला ती हुंकाराची खूण वाटते. मात्र ही खूण कोणी शिकवून शिकत नाही. ती ऐकून ऐकूनच अंगवळणी पडते.

जपानी लोक खरोखरच इतरांपेक्षा जास्त हुंकार देतात का?

अमेरिकन इंग्रजीशी तुलना केली, तर निश्चितच. सेन्को मेनार्ड यांनी १९८० च्या दशकात जपानी आणि अमेरिकन जोड्यांच्या अनौपचारिक गप्पा ध्वनिचित्रमुद्रित करून मोजणी केली, तेव्हा जपानी गप्पांत असे प्रतिसाद सुमारे दुप्पट आढळले. १९९६ साली पॅट्रिशिया क्लॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी, इंग्रजी आणि मँडरिन चिनी यांची तुलना केली. तीत चिनी श्रोते सर्वांत कमी बोलके ठरले. जपानी श्रोते वाक्याच्या मधेच प्रतिसाद देतात आणि इंग्रजी श्रोते बहुधा वाक्य पुरे होण्याच्या जागी देतात, असाही फरक त्यांना दिसला. तेव्हा 'पूर्वेकडचे लोक तसेच' असे सरसकट विधान करण्यात अर्थ नाही.

भाषाशास्त्रात अशा उद्गारांना 'बॅक चॅनेल' हे नाव अमेरिकन अभ्यासक व्हिक्टर इंग्वे यांनी १९७० साली दिले. मुख्य वाहिनीवरून बोलणे जाते आणि मागच्या वाहिनीवरून श्रोत्याची पोच येते, अशी ती कल्पना आहे. जपानी भाषेच्या अध्यापिका मिझुतानी नोबुको यांना मात्र ही दोन वाहिन्यांची मांडणी जपानी संभाषणाला पुरेशी वाटली नाही. एकाने बोलून पुरे करायचे आणि मग दुसऱ्याने बोलायचे याला 'ताइवा' म्हणावे आणि दोघांनी मिळून एकच बोलणे विणत न्यायचे याला 'क्योऽवा' म्हणावे, असे त्यांनी सुचवले. मला ही मांडणी अधिक पटते, कारण जपानी वक्ता पुष्कळदा वाक्य अर्धेच सोडतो आणि ते पुरे करण्याचे काम श्रोता करतो.

कोणाशी कोणता उद्गार वापरावा?

वरिष्ठ, ग्राहक आणि अनोळखी माणसे यांच्याशी बोलताना 'हाइ' आणि 'सोऽ देस का' हे सुरक्षित आहेत. 'एए' हाही सभ्य उद्गार आहे, पण तो 'हाइ'पेक्षा थोडा सैल आहे. 'उन' हा घरातला आणि मित्रांमधला शब्द असून तो साहेबांसमोर तोंडातून निघाला, तर मराठीत एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला 'तू' म्हटल्यासारखे होते. मुश्कील अशी की आपला 'हं' आणि त्यांचा 'उन' कानाला फार जवळचे लागतात आणि मराठी माणूस सवयीने तो सगळीकडे वापरून मोकळा होतो. मराठी 'हं' सासऱ्यांपुढेही चालतो. 'उन' चालत नाही.

'सोऽ देस का' उतरत्या स्वरात म्हटले तर 'असं होय' असा अर्थ होतो आणि चढत्या स्वरात म्हटले तर 'खरंच का?' अशी शंका डोकावते. 'सोऽ देस नेऽऽ' असे लांबवून म्हटले, तर पुढे बहुधा अडचण सांगितली जाणार आहे असे समजावे. तरुण मुलांमध्ये 'माजी?' (खरंच?) आणि 'उसो!' हे सर्रास ऐकू येतात. 'उसो'चा शब्दशः अर्थ 'खोटे' असा असला, तरी त्यात आरोप नसतो. आपल्या 'चल, काहीतरीच!' या उद्गाराशी त्याचे नाते आहे. ओसाकाकडे गेलात तर 'होन्तोऽ'च्या (खरंच) जागी 'होन्मा' ऐकू येईल.

आणखी एक. 'हाइ' एकदाच म्हणावा. 'हाइ हाइ' असे घाईने दोनदा म्हणणे म्हणजे 'कळलं हो, पुरे आता' असे म्हणणे आहे, आणि 'हाइ वा इक्काइ', म्हणजे 'हाइ एकदाच', हे वाक्य प्रत्येक जपानी मुलाने आईच्या तोंडून ऐकलेले असते.

वरिष्ठांना 'नारुहोदो' म्हटलेले चालते का?

शिष्टाचाराची पुस्तके नको म्हणतात, कारण 'बरोबर आहे तुमचे' असा निवाडा दिल्याचा सूर त्यात लागू शकतो. 'ओश्शारु तोऽरी देस', म्हणजे 'आपण म्हणता तसेच आहे', हा पर्याय ती सुचवतात. प्रत्यक्षात कार्यालयांमध्ये 'नारुहोदो' भरपूर ऐकू येतो. तरीही नवख्या माणसाने तो टाळलेला बरा.

नुसती मान डोलावली तर पुरेसे नाही का?

समोरासमोर असताना मान डोलावणे हीदेखील आइझुचीच असते आणि अनेकदा शब्द व मान बरोबरच चालतात. जपानी संभाषणात बोलणारा स्वतःही मान हलवतो आणि श्रोता त्याच्या तालात आपली हलवतो. मराठी माणसाने येथे एक काळजी घ्यावी: आपली डावी-उजवीकडे डोलणारी 'हो'ची मान जपानी माणसाला नकारासारखी किंवा संभ्रमासारखी दिसते. मान वरून खालीच जावी.

टेलिफोनवर मात्र शब्दांवाचून गत्यंतर नाही. आपण विचारपूर्वक ऐकत शांत राहिलो, तर पलीकडून थोड्याच वेळात 'मोशी मोशी?' असा काळजीचा स्वर येतो, म्हणजे फोन कट झाला की काय अशी शंका. पत्ता किंवा क्रमांक सांगितला जात असताना प्रत्येक गटानंतर 'हाइ' म्हणावा लागतो. तो आला नाही तर सांगणारा पुढच्या गटाकडे जातच नाही. मराठीतही आपण दूरध्वनी क्रमांक लिहून घेताना दर दोन-तीन आकड्यांनंतर 'हं' म्हणतो. फक्त आपण हे आकड्यांपुरते करतो, तर जपानी माणूस सगळ्याच बोलण्याला तसे करतो.

ऑनलाइन बैठकीत आवाज बंद ठेवायचा असेल, तर मान नेहमीपेक्षा ठसठशीतपणे हलवावी. कॅमेराही बंद ठेवून आवाजही बंद ठेवणारा श्रोता बोलणाऱ्याला भिंतीसारखा वाटतो.

मनापासून न दिलेली आइझुची ओळखू येते का?

येते, आणि तिच्यासाठी शब्दही आहे: 'नामाहेंजी', शब्दशः 'कच्चे उत्तर'. वर्तमानपत्रात डोके खुपसून बायकोला 'उन… उन…' म्हणणारा नवरा हे तिचे ठरलेले उदाहरण आहे आणि त्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. ठोका एकाच लयीत, एकाच शब्दात पडू लागला की ती कच्ची आहे हे कळते. चांगला श्रोता, ज्याला जपानीत 'किकिजोऽझु' म्हणतात, तो 'हाइ', 'हेऽ', 'सोऽ नान देस का' असे पालटून वापरतो आणि समोरच्याचा एखादा शब्द उचलून परत म्हणतो.

या कौशल्याचा बाजारही झाला आहे. स्वयंपाकात मसाले कोणत्या क्रमाने घालावेत यासाठी जपानीत 'सा-शि-सु-से-सो' असे एक सूत्र आहे: साखर, मीठ, व्हिनेगर, सोया सॉस आणि मिसो. त्याच धर्तीवर समोरच्याला खूश करणाऱ्या उद्गारांचे सूत्र तयार झाले: 'सासुगा' (वा, तुम्हीच ते), 'शिरानाकात्ता' (मला माहीतच नव्हते), 'सुगोई' (भारीच), 'सेन्सु गा ई' (काय तुमची निवड) आणि 'सोऽ नान दा' (असं आहे होय). हे पाच उद्गार पाठ करून वापरणारा माणूस पाच मिनिटांत उघडा पडतो, असा माझा अनुभव आहे.

आइझुची कधी देऊ नये?

व्याख्यान, औपचारिक भाषण आणि समारंभ यांत ती तोंडाने देत नाहीत, मान हलवणे चालते. उलट, वरिष्ठ आपली चूक दाखवत असताना मूग गिळून बसणे हा मराठी माणसाला नम्रपणा वाटतो. पण जपानी वरिष्ठाला ते फुगून बसणे वाटू शकते. तेथे स्पष्ट आवाजात 'हाइ' म्हणत राहावे.

दूरचित्रवाणीवर कोपऱ्यातल्या चौकटीत चेहरे का दाखवतात?

तीदेखील आइझुचीच आहे. जपानी मनोरंजन कार्यक्रमांत चित्रफीत चालू असताना कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्टुडिओतल्या पाहुण्यांचे चेहरे दिसत राहतात आणि 'हेऽ', 'सुगोई' असे त्यांचे उद्गार ऐकू येतात. या चौकटीला 'वाइपु' म्हणतात. फुजी टेलिव्हिजनवर १९८२ पासून २०१४ पर्यंत चाललेल्या दुपारच्या एका कार्यक्रमात तामोरी या सूत्रधाराने हवापाण्यासारखे साधे वाक्य उच्चारले तरी प्रेक्षक एका सुरात 'सोऽ देस ने!' म्हणत. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांच्या 'जी जी'ची मला त्यावरून आठवण होते. शाहीर एकटा गातच नाही.

यंत्राला आइझुची शिकवता येते का?

प्रयत्न चालू आहेत. २०१५ साली जपानमध्ये सादर झालेल्या 'एरिका' या मानवाकृती यंत्रासाठी क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी लक्षपूर्वक ऐकण्याची प्रणाली विकसित केली. ती माणसाचे बोलणे ऐकत योग्य जागी 'उन' किंवा 'हाइ' म्हणते आणि त्याचाच एखादा शब्द प्रश्नरूपाने परत करते. कोणता शब्द म्हणायचा याच्या इतकेच तो केव्हा म्हणायचा हे ठरवणेही तेथे कठीण काम आहे.

परीक्षेसाठी याचा उपयोग होतो का, आणि सराव कसा करावा?

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत एन ५ या सर्वांत सोप्या पातळीपासून एन १ या सर्वांत कठीण पातळीपर्यंत कोठेही बोलण्याची चाचणी नाही. त्यामुळे पुण्यात एन २ उत्तीर्ण होऊन नोकरीला लागलेले विद्यार्थीही पहिल्या फोनवर अडखळतात. ऐकण्याच्या भागात झटपट प्रतिसाद निवडण्याचे प्रश्न असतात, तेवढाच काय तो संबंध.

सरावासाठी दोन माणसांच्या गप्पांचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष करून फक्त श्रोत्याची बाजू कागदावर उतरवावी. दोन मिनिटांच्या मुद्रणाला अर्धा तास लागतो. मग तेच मुद्रण पुन्हा लावून श्रोत्याच्या जागी आपण बोलावे. सुरुवातीला आपला 'हाइ' उशिरा पडतो, कारण आपण अर्थ लागेपर्यंत थांबतो. 'ने' कानावर पडताच तोंड उघडण्याची सवय झाली की लय सापडते.

लिखित संदेशांतही आइझुची असते का?

जपानमध्ये २०११ पासून वापरात असलेल्या 'लाइन' या संदेशसेवेत संदेश वाचला गेला की त्याच्या शेजारी 'किदोकु', म्हणजे 'वाचले', अशी खूण उमटते. खूण उमटूनही उत्तर न आल्यास त्याला 'किदोकु सुरू', म्हणजे 'वाचून दुर्लक्ष', असे नाव आहे आणि त्यावरून मैत्रीत रुसवेफुगवे होतात. येथे मान डोलावणाऱ्या अस्वलाचे किंवा वाकून 'हाइ' म्हणणाऱ्या सशाचे चित्र पाठवले तरी पुष्कळ होते.

सवय लागल्यावर मराठीत बोलताना अडचण होते का?

थोडी होते. जपानमध्ये काही काळ राहून परतलेल्या माणसाच्या घरी पहिले काही आठवडे एक प्रसंग हमखास घडतो: आई फोनवर काही सांगत असते, हा प्रत्येक वाक्यखंडाला 'हं… हं… अच्छा… हं' करत असतो आणि आई मध्येच थांबून विचारते, "घाईत आहेस का रे? मग नंतर करते."